एकवीस हजार सहाशे: शिवथरघळ, अजपा आणि श्वासाची गणना

महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडाकडे उतरते. तिच्या दोन्ही अंगांचा डोंगराळ मुलूख सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जावळीच्या मोऱ्यांच्या अमलाखाली होता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि हा प्रदेश स्वराज्यात आला. महाडाहून भोरकडे जाणाऱ्या वरंध घाटाच्या परिसरातील शिवथरच्या खोऱ्यात, पावसाळ्यात जिच्यावरून धबधबा कोसळतो अशी एक प्रशस्त घळ आहे. समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ येथे सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी तो लिहून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या स्थळाचा शोध लावल्यापासून महाड तालुक्यातील ही घळ रामदासी तीर्थ म्हणून ओळखली जाऊ लागली. वीस दशक आणि दोनशे समास एवढा विस्तार असलेला हा ग्रंथ एका बैठकीत सिद्ध झाला नसावा; तरीही श्वासोच्छ्वासाविषयीच्या मराठी विचाराचा मागोवा घेताना या खोऱ्याकडे वळावेच लागते, कारण ग्रंथाच्या सतराव्या दशकातील पाचवा समास संपूर्णपणे ‘अजपा’ या विषयाला वाहिलेला आहे.

अजपा म्हणजे ओठ न हलवता आणि माळ न ओढता, केवळ श्वासाच्या येण्याजाण्याबरोबर आपोआप घडणारा जप. आत येणाऱ्या श्वासाचा सूक्ष्म ध्वनी ‘सो’ आणि बाहेर पडणाऱ्याचा ‘हं’ असा मानून त्यातून ‘सोहं’, म्हणजे ‘तो मी आहे’, हा बोध काढला जातो, आणि असा जप प्रत्येक प्राण्याकडून दिवसरात्रीत एकवीस हजार सहाशे वेळा घडतो असे सांगितले जाते. नाथपंथीय योगग्रंथांत ही संख्या रामदासांच्या कितीतरी आधीपासून रूढ होती. परंपरेने तिची वाटणीही ठरवून दिली होती: सहाशे श्वास गणेशाला, प्रत्येकी सहा हजार ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र यांना, आणि उरलेले तीन हजार जीव, परमात्मा व गुरू यांना समसमान. पहाटे उठल्यावर आदल्या दिवसाचे श्वास या क्रमाने देवतांना अर्पण करण्याचा संकल्प नित्यकर्माच्या पोथ्यांत आढळतो.

ही संख्या कोणी श्वास मोजून काढली असेल, असे समजण्याचे मात्र कारण नाही. भारतीय ज्योतिषात अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे आणि पळाचे सहा ‘प्राण’ मानतात. निरोगी माणसाच्या एका श्वासोच्छ्वासाला लागणारा काळ म्हणजे प्राण, अशी त्याची व्याख्या आहे. साठ, साठ आणि सहा यांचा गुणाकार बरोबर २१,६०० येतो, आणि वर्तुळाचे ३६० अंश प्रत्येकी साठ कलांत विभागले असता कलाही तेवढ्याच होतात. इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त पृथ्वी एका प्राणात एक कला फिरते असे म्हटले आहे ते याच हिशेबाने. हा आकडा, म्हणजे, आकाशाच्या गणितातून शरीरात आला. आजच्या घड्याळाने तो मिनिटाला पंधरा श्वास एवढा भरतो, आणि विश्रांतीच्या स्थितीतील प्रौढ माणसाचा श्वसनदर बारा ते वीस असल्याने तो वास्तवाच्या मर्यादेत बसतो. पण प्राचीनांनी आधुनिक शरीरशास्त्र आधीच शोधून ठेवले होते, या उत्साही दाव्याला त्यातून आधार मिळत नाही.

रामदासांच्या विवेचनाचा रोखही आरोग्यापेक्षा वेगळा होता. अजपाच्या समासात पूरक, कुंभक आणि रेचक, म्हणजे श्वास घेणे, रोखणे आणि सोडणे, यांच्या मात्रा ठरवून दिलेल्या नाहीत. जे सहज चालले आहे त्याकडे सूक्ष्म लक्ष द्यावे आणि स्थिर बसून ते ऐकावे, एवढेच त्यांचे सांगणे आहे. सोळाव्या दशकातील वायुस्तवनाच्या समासात मात्र देहाचे व्यवहार वायूवर कसे चालतात याचा विस्तार येतो, आणि मारुतीवर संकट आल्यावर वायूने स्वतःला रोखून धरले तेव्हा देवांचेही प्राण कंठाशी आले, ही कथाही येते. गावोगावी मारुती स्थापणाऱ्या आणि बलोपासनेचा पुरस्कार करणाऱ्या या संताला देहाचे भान पुरेपूर होते. पण श्वासाचा उपयोग रोगनिवारणासाठी करण्याचा विचार त्याने अजपाशी जोडलेला नाही.

तो विचार प्रयोगाच्या कसोटीवर आणण्याचे काम विसाव्या शतकात घाटमाथ्यावर झाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी बडोद्यात क्ष-किरण आणि रक्तदाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या पोटाच्या क्रियांची तपासणी केली, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. प्राणायामाने शरीराला प्राणवायू भरमसाट मिळतो ही लोकप्रिय समजूत त्यांनी स्वतःच नाकारली आणि त्याचे मोल मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिक्षणात पाहिले, ही त्यांच्या कामातील सर्वांत प्रामाणिक गोष्ट म्हणावी लागेल. श्वास रोखल्यावर होणारी तगमगही प्रामुख्याने प्राणवायू संपल्यामुळे होत नसून रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांच्या १९०५ च्या संशोधनापासून मान्य झालेले आहे.

संथ श्वसनाचा लाभ साध्या अंकगणितानेही दाखवता येतो. सामान्य श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते, पण त्यातील सुमारे १५० मिलिलिटर घसा व श्वासनलिकांतच राहते आणि वायूंच्या देवाणघेवाणीला उपयोगी पडत नाही. मिनिटाला पंधरा श्वास घेणारा साडेसात लिटर हवा हलवतो आणि सव्वापाच लिटर उपयोगात आणतो. सहाच श्वास, पण प्रत्येकी एक लिटरचे घेणारा सहा लिटर हलवून पाच लिटरांहून थोडी अधिक उपयोगात आणतो. असा खोल श्वास छाती उचलून नव्हे, तर छाती आणि पोट यांमधील श्वासपटल खाली सरकून घडतो. इटलीतील पाव्हिया येथील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ निरोगी प्रौढांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र या दोहोंच्या उच्चारणाने श्वसन मिनिटाला सहाच्या आसपास आले आणि रक्तदाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली. उच्चार रेचकातच होत असल्याने तो लांबतो, हे त्याचे कारण. रामदासी संप्रदायातील त्रयोदशाक्षरी रामनामाच्या मोठ्याने केलेल्या जपालाही हे लागू पडावे. अजपा मात्र श्वासाला त्याच्या गतीवर सोडते, त्यामुळे तिच्याकडून या परिणामाची अपेक्षा तितकीशी करता येत नाही.

श्वासाच्या पद्धतीएवढाच श्वासातल्या हवेचाही प्रश्न असतो, आणि श्वसन शिकवणाऱ्या वर्गांत तो सहसा निघत नाही. कोकणातील भातशेतीत पेरणीपूर्वी पालापाचोळा व शेण पसरून रोपांची जमीन भाजण्याची, म्हणजे राब भाजण्याची, रीत जुनी आहे. घरात लाकडाच्या चुलीचा धूर स्त्रियांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला. आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांचा भरणा आहे. चुलीच्या धुराने फुप्फुसांचा दीर्घकालीन अवरोधी विकार होतो हे वैद्यकाने निर्विवाद मानले आहे, आणि तो कुठल्याही प्राणायामाने भरून निघत नाही. दम्यात श्वसनाचे व्यायाम रुग्णाचे दैनंदिन जगणे काहीसे सुकर करतात, पण ते श्वासावाटे घ्यायच्या औषधाची जागा घेत नाहीत. महाड-पोलादपुरातील शाळांत आणि आरोग्य केंद्रांत संथ श्वसन अवश्य शिकवावे. मात्र त्याच परिसरातील घरांतून धुराची चूल हटवण्याचे काम त्याच्या आधी व्हायला हवे.