‘आमचा’ संघ आणि ‘आपले’ क्रीडागृह : सिअ‍ॅटल येथील भाडेपट्ट्याचे प्रकरण

व्यावसायिक क्रीडासंघासाठी क्रीडागृह कोणी बांधावे, हा प्रश्न अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थकारणाइतकाच शब्दार्थाचाही होऊन बसला. संघ खाजगी, नफा मालकाचा, इमारत मात्र सार्वजनिक, असे ह्या व्यवहाराचे सर्वसाधारण रूप होते. मराठीत ‘आमचा’ आणि ‘आपला’ हा जो भेद आहे, तो इंग्रजी सर्वनामांत नाही. संघाची विक्री होताना तो मालकांपुरता ‘आमचा’ असतो आणि कर मागावयाचा असेल तेव्हा तोच सर्व नागरिकांसह ‘आपला’ होतो; इंग्रजीत ह्या दोन्ही अर्थांना एकच शब्द पुरतो. ही संदिग्धता व्यवहारात किती उपयोगी पडली, ते सिअ‍ॅटलच्या उदाहरणावरून दिसते.

प्रथम एका कायद्याचा उल्लेख अवश्य आहे. १९८६ च्या करसुधारणा कायद्याप्रमाणे खाजगी उपयोगाच्या इमारतीचे कर्जरोखे करमुक्त राहावयाचे असतील, तर कर्जफेडीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग त्या इमारतीतील खाजगी उत्पन्नातून येता कामा नये, असा निर्बंध आला. संघमालकांना स्वस्त कर्जाचा लाभ मिळू नये, हा त्यामागील हेतू. परिणाम मात्र नेमका उलट झाला. करमुक्ती टिकविण्यासाठी अनेक नगरांनी संघाकडून भाडे कमी घेतले आणि कर्जफेडीचा भार विक्रीकरासारख्या सर्वसाधारण करांवर टाकला. सदुद्देशाने केलेल्या कायद्याची अशी विपरीत फलश्रुती क्वचितच पाहावयास मिळते.

सिअ‍ॅटलचे क्रीडागृह मूळचे १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी पॉल थायरी ह्या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले दालन होय. १९६७ मध्ये स्थापन झालेला ‘सुपरसॉनिक्स’ हा बास्केटबॉल संघ पुढे तेथे खेळू लागला आणि १९७९ मध्ये त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. १९९४-९५ मध्ये नगराने सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चून जुन्या छपराखाली ही इमारत जवळजवळ नव्याने बांधली. कर्जफेडीची मदार मुख्यत्वे तेथील उत्पन्नावर, विशेषतः धनिक प्रेक्षकांच्या बंदिस्त कक्षांच्या भाड्यावर होती आणि संघाशी झालेला भाडेपट्टा २०१० पर्यंतचा होता. दहा वर्षे उलटण्याच्या आतच ह्या इमारतीत संघास पुरेसे उत्पन्न मिळत नाही, अशी मालकांची तक्रार सुरू झाली.

तोपर्यंत मतदारांचा अनुभव काय होता? सप्टेंबर १९९५ मध्ये किंग परगण्यातील मतदारांनी बेसबॉलच्या नव्या क्रीडांगणासाठी करवाढ थोडक्या मतांनी फेटाळली. पुढच्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने वेगळ्या करांची योजना करून ते क्रीडांगण मंजूर केले. १९७६ मध्ये उघडलेले ‘किंगडोम’ हे जुने सार्वजनिक क्रीडांगण २००० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याचे कर्ज मात्र २०१५ पर्यंत फिटत राहिले. दुधाने तोंड पोळलेल्या मतदाराने ताक फुंकून प्यावे, ह्यात नवल ते काय?

२००६ च्या आरंभी संघमालकांनी क्रीडागृहाच्या विस्तारासाठी सुमारे २२ कोटी डॉलरची सार्वजनिक मदत मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा जुलैमध्ये त्यांनी संघ क्ले बेनेट ह्यांच्या नेतृत्वाखालील ओक्लाहोमा सिटीच्या मंडळीस ३५ कोटी डॉलरना विकला. त्याच वर्षी ‘अधिक महत्त्वाच्या गोष्टींसाठी नागरिक’ अशा अर्थाचे नाव धारण करणाऱ्या संघटनेने जनप्रस्ताव क्रमांक ९१ मतास घातला. नगराने खाजगी संघाच्या क्रीडागृहात पैसा गुंतविल्यास त्यावर निदान केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांइतका परतावा मिळालाच पाहिजे, एवढीच त्याची मागणी. नोव्हेंबरमध्ये सुमारे ७४ टक्के मतांनी तो संमत झाला. ह्या प्रस्तावाने अनुदानाचा निषेध केला नाही. ‘गुंतवणूक’ हा जो शब्द मालकपक्ष सदैव उच्चारीत असे, त्याचा कोशातील अर्थ घ्यावयाचा, इतकेच ठरविले. रेंटन ह्या उपनगरात ५० कोटी डॉलरचे क्रीडागृह बांधण्याची बेनेट ह्यांची योजनाही २००७ मध्ये विधिमंडळात पुढे सरकली नाही.

ह्यानंतरचा न्यायालयीन भाग सर्वांत उद्बोधक आहे. मालकांना पट्टा संपण्यापूर्वीच संघ हलवावयाचा होता. उरलेले भाडे रोख देऊन मोकळे होण्याची त्यांची तयारी होती. नगराचे म्हणणे असे की, पैसा नको, कराराचे प्रत्यक्ष पालन हवे. ते मिळविण्यासाठी संघाच्या जाण्याने होणारी हानी पैशाने भरून येण्याजोगी नाही, हे दाखविणे प्राप्त होते. मग उभय पक्षांनी जणू एकमेकांची भाषा उसनी घेतली. मालकांचे वकील सांगू लागले की, संघ गेल्याने सिअ‍ॅटलचे आर्थिक नुकसान होणार नाही, लोक तोच पैसा दुसऱ्या करमणुकीवर खर्च करतील. हाच युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञ क्रीडागृहांच्या अनुदानाविरुद्ध वर्षानुवर्षे करीत आले होते. उलट, २००६ मध्ये ज्या नगर परिषदेच्या अध्यक्षांनी संघाचे सांस्कृतिक मूल्य शून्यवत् मानल्याचे उद्गार काढले होते व पुढे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली होती, तेच नगर आता संघाच्या अमूर्त मूल्याची साक्ष अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू झिंबालिस्ट ह्यांच्या मुखे देववू लागले.

दरम्यान एप्रिल २००८ मध्ये संघमालकांच्या राष्ट्रीय मंडळाने स्थलांतरास २८ विरुद्ध २ मतांनी अनुमती दिली. विरोधी दोघांपैकी पोर्टलंडचे मालक पॉल अ‍ॅलन हे स्वतः सिअ‍ॅटलचे. निर्णय जाहीर होण्यास काही तासच उरले असता, २ जुलै २००८ रोजी तडजोड झाली : ४ कोटी ५० लक्ष डॉलर घेऊन नगराने संघास पट्ट्यातून मुक्त केले; संघाचे नाव व रंग सिअ‍ॅटलकडे राहिले. ज्या हानीची भरपाई पैशाने होत नाही असे न्यायालयात सांगितले गेले, तिची किंमत अखेर ठरली ती अशी.

ओक्लाहोमा सिटीची वाट निराळी होती. १९९३ मध्ये तेथील मतदारांनी एक टक्का विक्रीकर लावून अनेक सार्वजनिक इमारती उभारण्याचे ठरविले. २००२ मध्ये उघडलेले क्रीडागृह त्यांतलेच. कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ तेथे तात्पुरता आश्रयास आला आणि त्या नगराला आपली योग्यता उमगली. मार्च २००८ मध्ये क्रीडागृहाची सुधारणा व सरावकेंद्र ह्यांसाठी १२ कोटी १६ लक्ष डॉलरच्या योजनेस सुमारे ६२ टक्के मते पडली. हा कर मुदतीचा, रोख खर्चाचा व दीर्घ कर्जाविना होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. तथापि गरीब व श्रीमंत दोघेही खरेदीवर तो सारख्याच दराने भरतात, हेही विसरता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच मतदारांनी सुमारे ७१ टक्के मतांनी किमान ९० कोटी डॉलरच्या आणखी एका क्रीडागृहास संमती दिली. त्यांत संघाचा वाटा ५ कोटींचा होता. २००२ ची इमारत तेव्हा एकवीस वर्षांची होती.

सिअ‍ॅटलचे जुने क्रीडागृह मात्र पाडले गेले नाही. थायरी ह्यांचे १९६२ चे छप्पर संरक्षित वास्तू म्हणून तात्पुरत्या खांबांवर तोलून धरण्यात आले, खालची जमीन खोल खणण्यात आली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक खाजगी भांडवलातून बांधलेले नवे दालन ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले. तेथे प्रथम आला तो बर्फावरील हॉकीचा संघ.