मुंबईतील घरकाम आणि सुखवस्तू घरांतील मुले

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणीमालकांनी १८९० साली कामगारांची साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली. पण ज्या कोकणी गावांतून लालबाग-परळचा गिरणी कामगार आला, तिथूनच येऊन गिरगावातील एखाद्या बिऱ्हाडात चाकरीला राहिलेल्या माणसाला अशी सुट्टी मिळाली नाही. गिरणीत शेकडो माणसे एका छपराखाली काम करीत आणि मालकांच्या संघटनेशी बोलणी करता येत; घरात मात्र नोकर एकटा असे आणि त्याचे कामाचे तास, जेवण व मान यांचा निर्णय कुटुंबाच्या मर्जीवर असे. सुखवस्तू घरांतील मुलांचे नोकरांशी असलेले वागणे याच स्थितीतून घडत गेले.

घरगडी म्हणजे घरातच राहून पाणी भरणे, बाजारहाट करणे, मुलांना शाळेत पोचवणे अशी कामे करणारा पुरुष नोकर. तो स्वयंपाकघरात किंवा चाळीच्या गॅलरीत पथारी पसरी आणि पगारातला मोठा भाग मनीऑर्डरने गावी पाठवी. त्याच्या खांद्यावर बसून वाढलेली मुले त्याला वडीलधाऱ्या वयातही अरे-तुरे करीत, त्याच्याकडून लाडही करून घेत आणि हुकूमही सोडीत. उच्चवर्णीय घरांत या वागण्याला जातीची जोड होती: स्वयंपाकासाठी स्वजातीय आचारी, गड्याची कपबशी वेगळी, तर शौचकूप साफ करणाऱ्यासाठी जुन्या इमारतींच्या मागील बाजूस लोखंडी गोल जिना. कोणाला स्पर्श करायचा आणि कोणाला कोणत्या वाटेने आत घ्यायचे, याचे धडे मुलांना घराच्या रचनेतूनच मिळत.

पुढे घरात राहणाऱ्या गड्याची जागा हळूहळू मोलकरणीने घेतली. ही स्त्री अनेक घरांतील धुणी-भांडी व केर-लादी करी, तिचा पगार कामागणिक ठरे आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दिवस, पडला की अनेक घरांत पैसे कापले जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रियांची संख्या यांत्रिकीकरण, रात्रपाळीवरील बंदी आणि १९२९च्या प्रसूती लाभ कायद्यानंतर मालकांची बदललेली धोरणे यांमुळे घटत गेली. त्यातच १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाने गिरणगावातील अनेक घरांची मिळकत बुडाली आणि कित्येक स्त्रिया खानावळी चालवू लागल्या किंवा दादर, हिंदू कॉलनी, शिवाजी पार्क येथील घरांत कामाला लागल्या. आता मुलांच्या आणि मोलकरणीच्या घरांत काही गल्ल्यांचेच अंतर होते, पण सहवास अर्ध्या-पाऊण तासाचा झाला. कॉलेजला जाणारी मुले तिला आदराने ‘मावशी’ म्हणत. तरीही ताट जागेवरच सोडून उठणे आणि तिच्या आजारपणाचा विचार केवळ स्वतःच्या गैरसोयीपुरता करणे त्यांना खटकत नसे. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांपैकी काहींत नोकरांची लिफ्ट निराळी ठेवली गेली, तेव्हा जुन्या मागच्या जिन्याचे तत्त्वच नव्या यंत्राने पुढे चालवले.

या संबंधाला हक्काची भाषा मिळाली ती कामगार स्त्रियांच्या संघटनेतून. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप करून पगारवाढ व रजेच्या मागण्या जाहीरपणे मांडल्या. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ साली बंदी आली आणि २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तरीही मंडळाकडील नोंदणीने सुट्टी, पगार वा कामाचे तास आपोआप ठरत नाहीत. या बाबी अजून बहुतांशी घरमालकावरच अवलंबून आहेत. त्यामुळे तरुण पिढीच्या सौजन्याची खरी कसोटी गोड संबोधनात नसून, ठरलेली सुट्टी पगार न कापता देण्यात आणि घर ही कुणाची तरी कामाची जागा आहे हे मान्य करण्यात आहे.