तेझुकांचे देणे

देणे कोणाचे आणि येणे कोणाचे, याचा निवाडा करवून घेण्यात आमच्या आयुष्याची वीस वर्षे खर्ची पडली आहेत. दस्तऐवज समोर असला, त्यावर तारीख आणि सही असली, म्हणजे हे काम फारसे अवघड नसते. कलेच्या प्रांतात मात्र दस्तऐवज नसतो. एकाने दुसऱ्याकडून काय उचलले, ते फेडले की नाही, आणि फेडले असल्यास कोणाला, हे प्रश्न तेथे पिढ्यान्‌पिढ्या पडून राहतात. जपानी चित्रकथाकार आणि चित्रपटकार ओसामू तेझुका यांचे चरित्र वाचताना आम्हांस वारंवार वाटले की, हे एक न मिटलेले खातेच आहे.

तेझुकांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकानजीक तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ताकाराझुका या गावी. या गावाची ख्याती तेथील नाट्यसंस्थेमुळे; १९१४ पासून तेथे नायकांच्या भूमिकाही तरुणीच करीत आल्या आहेत. बालगंधर्वांच्या आठवणींवर पोसलेल्या मराठी रसिकास हा उलटा प्रकार मौजेचा वाटेल. आई मुलास ती नाटके दाखवी. राजपुत्राच्या वेषात वाढलेल्या राजकन्येची कथा तेझुकांनी १९५३ साली रेखाटावयास घेतली, तिचे मूळ या रंगभूमीत आहे. वडिलांपाशी घरगुती चित्रपटयंत्र होते. त्यावर चॅप्लिन आणि डिस्ने यांचे लघुपट घरच्या भिंतीवर हलत. मुलास वेड होते किड्यांचे. आपल्या नावात ‘मुशी’, म्हणजे कीटक, या अर्थाचे एक अक्षर त्याने स्वतःच जोडून घेतले आणि ते जन्मभर वागविले.

यानंतरचा प्रसंग आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. एप्रिल १९४५. मार्चमधील बाँबवर्षावाने ओसाका होरपळून निघालेले. अशा शहरातील एका चित्रपटगृहात सोळा वर्षांचा तेझुका एक कार्टून-चित्रपट पाहावयास बसला. जपानी नौदलाच्या आज्ञेवरून मित्सुयो सेओ यांनी तो तयार केला होता. लोककथेतला शूर बालक मोमोतारो प्राण्यांची फौज घेऊन दक्षिणेकडील बेटे ‘मुक्त’ करतो, असा त्याचा विषय. हेतू उघड प्रचाराचा होता. पण त्यात असे काही काव्य होते की, या मुलास रडू आवरेना. आपणही एक दिवस असा चित्रपट करावयाचा, हा निश्चय त्याने तेथे केला. पुढे दोनच महिन्यांनी, शस्त्रांच्या कारखान्यात सक्तीच्या कामावर असताना, तो बाँबहल्ल्यातून थोडक्यात वाचला.

त्या चित्रपटात बेटावरील प्राण्यांना गाण्यातून जपानी मुळाक्षरे शिकविण्याचा एक प्रसंग आहे. जेत्याने जितास आपली भाषा शिकवावी, यातला गोडवा किती आणि सक्ती किती, हे आमच्या सीमाभागातील वाचकांस निराळे सांगावयास नको. तेझुकांच्या १९५० ते १९५४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘जंगल सम्राट’ या चित्रकथेत भाषा शिकणारे प्राणी पुन्हा भेटतात. तेथे शिकवणारा सैनिक नाही, पोरका सिंहाचा छावा आहे. प्रचारपटातले सुंदर तेवढे वेचून घेऊन विष बाजूला ठेवता येते का? तेझुकांनी यत्न केला, एवढे निश्चित. विष पूर्ण उतरले असे मात्र आम्ही शपथेवर सांगणार नाही.

ऋणांची साखळी आणखी मागेही जाते. चीनमधील वान बंधूंनी डिस्नेच्या हिमगौरीवरून स्फूर्ती घेऊन १९४१ साली पूर्ण लांबीचा कार्टून-चित्रपट काढला. तो जपानात पोहोचला आणि बाल तेझुकांनीही पाहिला. त्याचा विषय होता वानरराज आणि पश्चिमयात्रा, ती यात्रा म्हणजे ह्युएनत्संगाची भारतयात्रा. याच यात्रिकाने सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या प्रजेचा मानी स्वभाव लिहून ठेवला. तेझुकांनी वानरराजावर स्वतः चित्रकथा लिहिली आणि तिच्यावर आधारलेल्या १९६० च्या चित्रपटाच्या द्वारेच त्यांचा या माध्यमात प्रत्यक्ष प्रवेश झाला.

दरम्यान त्यांनी ओसाका विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली, आणि पुढे १९६१ साली गोगलगायीच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही मिळविली. रोगी मात्र तपासले नाहीत. १९४७ साली शिचिमा साकाई यांच्या सहकार्याने काढलेल्या ‘नव्या रत्नद्वीपा’ने त्यांचा मार्ग आधीच ठरविला होता. त्या स्वस्त पुस्तकाच्या आरंभी एक मुलगा मोटार हाकीत बंदराकडे निघतो. मोटार दुरून जवळ येते, वळते, धावते, आणि वाचकास कागदावर चित्रपट पाहिल्याचा भास होतो. त्या काळच्या कित्येक मुलांनी ते पान पाहून चित्रकार व्हावयाचे ठरविले.

आता कायद्याचा मुद्दा. डिस्नेचा ‘बांबी’ आपण ८० हून अधिक वेळा पाहिला, असे तेझुका सांगत. त्यांनी त्याची चित्रकथा काढली, तशीच ‘पिनोकिओ’चीही, मूळ मालकाची परवानगी न घेता. आमच्यापुढे हा खटला आला असता, तर बचावास फारसे काही मिळाले नसते. परंतु काळाने उलटतपासणी घेतली. १९९४ साली डिस्नेचा ‘लायन किंग’ झळकला, तेव्हा ‘जंगल सम्राटा’शी त्याचे साम्य पाहून शेकडो जपानी चित्रकथाकारांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. डिस्ने कंपनीने उसनवारी नाकारली. तेझुकांच्या संस्थेने दावा लावला नाही. तेझुका हयात असते तर त्यांना आनंदच झाला असता, असा तिचा सूर होता. वकील म्हणून आम्हांस हळहळ वाटली. वाचक म्हणून ती भूमिका पटली.

तथापि सर्वच देणी इतक्या उदारपणे मिटत नाहीत. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुकांच्या ‘मुशी’ संस्थेने पोलादी बालक आतोम याची मालिका दूरदर्शनवर आणली. दर आठवड्यास अर्धा तास! चित्रांची संख्या छाटली, जुनी चित्रे पुनःपुन्हा वापरली, आणि मालिका खर्चाहून पुष्कळ कमी किमतीस विकली. तूट खेळण्यांच्या आणि परदेशांतील हक्कांतून भरून काढावयाची, हा हिशेब. मालिका १९३ भाग चालली. जपानी कार्टून-चित्रांचा सारा उद्योग तिच्यामुळे उभा राहिला. पण ती पडेल किंमत पायंडा होऊन बसली, आणि तिचा भार रात्र रात्र जागून चित्रे काढणाऱ्या कामगारांवर पडला, असा आरोप आहे. ‘मुशी’चे दिवाळे १९७३ साली निघाले. तेझुकांच्या मृत्यूनंतर, १९८९ सालीच, हायाओ मियाझाकी यांनी हा आरोप उघडपणे मांडला. तरुणपणी आपली चित्रे तेझुकांसारखी दिसतात असे ध्यानात येताच त्यांनी ती जाळून टाकली होती. ऋण कबूल करूनच ते बोलत होते. सारा दोष एका माणसावर घालणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. पुढील मालकांनी तोच दर चालू ठेवला, त्यांस कोणी अडविले होते? परंतु पहिला करार तेझुकांनी केला, हे खोडता येत नाही.

त्यांनी स्वतःही ते खोडले नसावे. १९८७ साली त्यांनी ‘अरण्याची आख्यायिका’ हा शब्दविरहित चित्रपट चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीवर रचला. तिच्या चार भागांपैकी पहिला आणि चौथा एवढेच पुरे झाले. पहिल्या भागात स्थिर चित्रांपासून डिस्नेपर्यंत या कलेच्या एकेक पायऱ्या दिसतात. चौथ्यात वनदेवता आणि बुटके डिस्नेच्या भरघोस, वाहत्या रेषेत काढले आहेत. अरण्य तोडावयास आलेली माणसे काढली आहेत दूरदर्शनच्या ताठर, काटकसरीच्या रेषेत. म्हणजे आपण रूढ केलेली शैलीच तेझुकांनी विध्वंसकांच्या अंगावर चढविली. आरोपीने असा कबुलीजबाब दिल्याचे उदाहरण आमच्या माहितीत दुसरे नाही.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने तेझुका वारले. रुग्णालयातही त्यांचे रेखाटन चालू होते. मागे सुमारे दीड लाख पाने राहिली, आणि काही कथा अर्ध्या. ‘अरण्याची आख्यायिका’चा दुसरा भाग त्यांचे पुत्र माकोतो यांनी २०१४ साली पुरा केला.