धुराचा जमाखर्च: फ्रीमाँट ते सुरत

फ्रीमाँटला राहत असाल तर ८८० वरून जाताना टेस्लाचा कारखाना रोजच दिसत असेल. जागा मात्र जुनी आहे. १९८२ पर्यंत इथे जनरल मोटर्सच्या गाड्या बनायच्या, मग १९८४ ते २०१० जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या नुम्मी या भागीदारीच्या. आज इथल्या गाड्यांबरोबर न दिसणारा एक मालही विकला जातो: क्रेडिट.

ही कल्पना जुनी आहे. १९२० मध्ये आर्थर पिगू या अर्थतज्ज्ञाने म्हटलं, की धुराचं नुकसान शेजाऱ्याला सोसावं लागतं, पण ते कारखानदाराच्या वहीत येत नाही. ते वहीत आणा. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाने १९९० मध्ये मोठ्या कार कंपन्यांना सांगितलं, की १९९८ पासून शंभरातल्या दोन गाड्या बिनधुराच्या हव्यात. कंपन्यांनी विरोध केला, मुदत पुढे गेली, पण नियम मेला नाही. ज्याने कोट्यापेक्षा जास्त केलं त्याने क्रेडिट विकायचं, कमी पडलेल्याने विकत घ्यायचं.

टेस्लाचा पहिला तिमाही नफा २०१३ च्या सुरुवातीचा, सुमारे १.१ कोटी डॉलर. त्याच तिमाहीत या क्रेडिटचे ६.८ कोटी आले. म्हणजे क्रेडिट नसतं तर तोटाच होता.

पण या वहीत फक्त गाडीच्या मागच्या नळीतला धूर मोजला जातो. वीज कुठून आली, बॅटरीचा धातू कुणाच्या जमिनीतून निघाला, हे तिच्यात नाही.

आता आपल्याकडे या. सुरतच्या उधना, लिंबायत भागांत कामासाठी खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. तिथे २०१९ मध्ये धुरातल्या कणांचा बाजार सुरू झाला. चिमणीत मोजणारी यंत्रं, एकूण धुराची मर्यादा, परवान्यांची खरेदी-विक्री. आधी पैसे अनामत ठेवायचे, आणि परवान्यापेक्षा जास्त धूर सोडला तर त्यातून दंड कापायचा. प्रयोगात निवडलेल्या कारखान्यांचे कण जुन्या नियमांखालच्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झाले.

दोन्ही ठिकाणी बाजार चालला, कारण मागे नियम होता आणि मोजणारं कुणीतरी होतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी "कार्बन न्यूट्रल" म्हणालं, की विचारा: मोजलं कुणी? आणि वहीत लिहायचं राहिलं काय?