एका टिंबाचे दोन अर्थ

विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीत छापलेल्या जुन्या पुस्तकात ‘नि’च्या डोक्यावर टिंब दिसले तर तो मंद्र सप्तकातला निषाद समजायचा. भातखंडे पद्धतीत तेच टिंब, त्याच जागी, तार सप्तकाचे. पलुस्कर तार सप्तकासाठी अक्षरावर उभी रेघ देतात. भातखंड्यांकडे मध्यमावर उभी रेघ आली की तो तीव्र मध्यम. एकाकडे सम १ या आकड्याने आणि खाली अधिकच्या चिन्हाने दाखवतात, दुसऱ्याकडे सम फुलीने आणि खाली शून्याने. पलुस्करांच्या पानावर स्वराखाली शून्य असेल तर ती अर्धी मात्रा. आज बहुतेक वर्ग भातखंडे पद्धतीचे. त्या वर्गात तयार झालेल्या माणसाच्या हाती पलुस्करांचे पुस्तक पडले, तर तो मंद्रातली जागा तारात गाईल आणि तारातला मध्यम तीव्र करून टाकील. संगीताची जुनी पुस्तके दुर्मिळ झाली, याचा दोष आपण सहसा बंद पडलेल्या छापखान्यांना आणि प्रकाशकांना देतो. पुरावा पाहता त्यांच्याकडे त्यातला थोडाच जातो. एखादी लिपी शिकवणारा वर्ग संपला की तिची पुस्तकेही संपतात, आणि म्हणून त्यांचा शोधही वर्गाच्याच वाटेने घ्यावा लागतो.

बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि तिथे मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी चालवली. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. सर्वसाधारण छापखान्यात ही चिन्हे जुळवण्याची सोय नव्हती. अक्षराच्या वर आणि खाली वेगवेगळ्या खुणा, त्याखाली गीताचे शब्द, पुन्हा तालाचे आकडे, आणि हे सगळे एकाखाली एक नेमके बसले पाहिजे; जुळाऱ्याचा हात जरा चुकला की लय चुकली. म्हणून महाविद्यालयाने आपलाच छापखाना घातला, ‘संगीत बालप्रकाश’सारखी छोटी क्रमिक पुस्तके काढली, ‘संगीत अमृत प्रवाह’ नावाचे मासिक चालवले. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली, मोठी इमारत उभी राहिली, कर्ज वाढत गेले, आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत सावकारांच्या लिलावात गेली. १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेला वारले. १९४७ मध्ये लाहोर सीमेपलीकडे राहिले. ही हकीकत एवढ्यावर थांबवली तर प्रकाशक बुडाला म्हणून पुस्तके गेली, हेच म्हणणे खरे वाटेल.

पण भातखंड्यांच्या पुस्तकांची गोष्ट शेजारी ठेवून पाहावी. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति – क्रमिक पुस्तक मालिका’ १९२० नंतर सहा भागांत मराठीत निघाली. प्रकाशक म्हणून नाव भालचंद्र सीताराम सुकथनकरांचे. भातखंडे वकील, सुकथनकर त्यांच्या निकटचे. मागे कोणत्याही मोठ्या प्रकाशनगृहाचे पाठबळ नव्हते. तरीही या मालिकेतल्या चिजा आज गायनाच्या वर्गावर्गांत म्हटल्या जातात. कारण ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ पासून आणि लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ पासून तीच लिपी शिकवत होते. पुस्तक लागणारे विद्यार्थी दर वर्षी नव्याने येत होते. म्हणूनच मूळ प्रकाशक मागे पडल्यावरही इतरांनी ती मालिका उचलली आणि हाथरसच्या संगीत कार्यालयाने ती हिंदीत नेली. मूळ प्रकाशक दोघांचेही गेले. वर्ग एकाचाच चालू राहिला.

यावर कोणी विचारील की पलुस्करांची परंपरा तरी कुठे खंडित झाली? त्यांच्या निधनाच्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले, आणि त्याच्या परीक्षांना आजही हजारो मुले बसतात. हे अगदी खरे आहे. पण शिष्यही मोठे होते. विनायकराव पटवर्धनांनी ‘राग विज्ञान’चे सात भाग लिहिले, बी. आर. देवधरांनी ‘राग बोध’ लिहिला, ओंकारनाथ ठाकुरांनी ‘संगीतांजली’ काढली आणि तिच्यात स्वतःची चिन्हपद्धती वापरली. वर्गात ही पुस्तके आली, मग गुरूंच्या बारीक पुस्तिका कशाला लागतील? गुरूविषयीची भक्ती तसूभरही कमी न होता गुरूची पुस्तके वापरातून गेली. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत क्लेशकारक भाग वाटतो, कारण यात वाईट कोणीच वागलेले नाही.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि वजनदारही. आपले संगीत गुरुमुखाने चालते. कागदावर उतरतो तो सांगाडा, मग त्यासाठी इतकी धडपड का? भूप आणि देशकार यांचे स्वर तेच. स्वरलिपीच्या पानावरून त्यांतले अंतर अर्धेमुर्धेच कळते, हे मान्य केलेच पाहिजे. पण सांगाडा हाती असला तर निदान चीज कोणत्या अक्षरावर समेला येते, अंतऱ्याचे शब्द पुरे आहेत का, शंभर वर्षांपूर्वी ती कोणत्या तालात म्हणत, हे ठामपणे सांगता येते. गुरुमुखात चीज बदलत जाते, आणि बदलली हे कळायलाही जुना कागद लागतो. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाचे नाव असे. ते पद लोक विसरले की चालीचा पत्ताच हरवला, आणि असे कितीतरी पदांचे झाले आहे.

पुनर्मुद्रण मिळते, मग पहिल्या छपाईचा हट्ट कशासाठी, असेही म्हणतील. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. बागेश्रीच्या एखाद्या ओळीत गंधाराखालची रेघ पुन्हा जुळवताना गळली, तर कानाला रागेश्री लागते. रेघ मूळ पानावर होती की नव्हती, हा निवाडा मूळ पानाखेरीज कोण करणार?

तेव्हा शोध कुठे घ्यायचा? सुरुवात शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या खंडापासून करावी, १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची ती नोंदवही आहे. दुसरी वाट सरकारी. १८६७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात छापलेले पुस्तक नोंदवावे लागे आणि त्रैमासिक याद्या निघत. त्यांत छापखाना, प्रकाशक, पृष्ठे, किंमत, प्रतींची संख्यासुद्धा असे. अशा पुस्तकांचा मोठा साठा लंडनच्या इंडिया ऑफिस ग्रंथालयात गेला, तो आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण यादीतून पुस्तक होते एवढे कळते. प्रत बहुधा सापडते ती जुन्या गायन वर्गाच्या कपाटात, शंभरी ओलांडलेल्या नगरवाचनालयात, किंवा एखाद्या संगीत शिक्षकाच्या घरी पेटीच्या खोक्यात. पलुस्कर आणि भातखंडे या दोघांच्याही ग्रंथांवर आता कॉपीराइट नाही, त्यामुळे प्रत काढायला कोणाची आडकाठी असण्याचे कारण नाही.

अशा पुस्तकांच्या आरंभी बहुधा चिन्हांचा खुलासा करणारे पान असते. पहिले पान म्हणून तेच आधी फाटते, आणि ते गेले की उरलेले पुस्तक मुके होते. म्हणून वाचकांना विनंती आहे : घर आवरताना स्वरांची अक्षरे आणि टिंबे छापलेले जुने पुस्तक हाती लागले तर ते रद्दीत घालू नका. चिन्हांचे पान शाबूत आहे का ते पहा, त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि पुस्तक जवळच्या जुन्या वाचनालयाला किंवा संगीत विद्यालयाला नेऊन द्या.