पतितांचे आप्त

रोमचा बादशहा डेसियस याने सन 250 च्या सुमारास असे फर्मान काढले की, रयतेने, नेमलेल्या अंमलदारांसमक्ष देवतांना धूप व बळी अर्पून, त्या बळीचे मांस चाखून, तसा सहीनिशी दाखला घ्यावा. आणि इजिप्तच्या वाळूत सापडलेले असे चाळीसहून अधिक दाखले वाचले म्हणजे, जमीनमहसुलाच्या पावतीसारख्या रुक्ष भाषेत माणसाच्या श्रद्धेची नोंद झालेली पाहून मन विषण्ण होते. कार्थेजच्या ख्रिस्ती मंडळीतील कोणी प्रत्यक्ष बळी अर्पून, कोणी नुसता धूप जाळून, तर कोणी अंमलदाराची मूठ दाबून हा कागद पदरात पाडून घेतला.

त्यामुळे मंडळीला दुरावलेल्या अशा पतितांसाठी आप्तांना एक जुनी वाट ठाऊक होती. श्रद्धेपायी कैदेत पडलेल्यांकडे जाऊन मंडळीशी सलोख्याची चिठ्ठी मागावयाची, ही रूढी ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याच्या लेखनात सन 200 च्या आसपासच आढळते. सेलेरिनस नावाच्या गृहस्थाने रोमहून कार्थेजच्या तुरुंगातील लुशियनला लिहिलेले पत्र या रूढीचा सर्वांत हृद्य दस्तऐवज होय. न्युमेरिया व कँडिडा या डगमगलेल्या भगिनींसाठी ईस्टरच्या आनंदातही आपण गोणपाट पांघरून अहोरात्र अश्रू ढाळतो आहोत, असे सांगून तो त्यांच्या बाजूने ही गोष्ट पुढे करतो की, कार्थेजहून परागंदा होऊन आलेल्या 65 बांधवांची त्यांनी सेवा केली आहे.

पुढे मात्र या चिठ्ठ्या मोघम होऊ लागल्या. ‘अमक्यास त्याच्या माणसांसह सामील करून घ्यावे’ एवढ्या शब्दांवर वीस-वीस, तीस-तीस जण स्वतःस आप्त, सोयरे, नोकर म्हणवून हजर होतील, ही कार्थेजचा बिशप सिप्रियन याची तक्रार होती. स्वतः अज्ञातवासात असलेल्या माणसाने कैदेत छळ सोसणाऱ्यांना शिस्त शिकवावी, हे कित्येकांना खटकले. तरी मला त्याचे म्हणणे रास्त वाटते, कारण ज्याचा पश्चात्ताप कोणी विचारलाच नाही त्याच्यासाठी केलेली रदबदली हा वशिलाच ठरतो. शिवाय हाच सिप्रियन, बायकामुलांवरील संकट टळावे म्हणून घरातील सर्वांच्या वतीने एकट्यानेच बळी अर्पणाऱ्या कुटुंबप्रमुखाला, आपखुशीने धावत गेलेल्याच्या पंक्तीस बसवावयास तयार नव्हता. सन 251 च्या कार्थेज येथील धर्मसभेने प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करून निवाडा करण्याचे ठरविले. केवळ दाखला घेणाऱ्यांना परतीची वाट मोकळी झाली, बळी अर्पणाऱ्यांना मात्र प्रायश्चित्त करीत मृत्युशय्येपर्यंत थांबावे लागे. रोममध्ये धर्मगुरू नोव्हेशियन याला एवढीही सवलत मान्य नव्हती, आणि त्याने निराळा पंथ काढला.

त्याच काळातील अलेक्झांड्रियाच्या सेरापियन नावाच्या वृद्धाची हकीकत बिशप डायोनिसियसने लिहून ठेवली आहे. बळी अर्पिल्यामुळे त्याच्या विनवण्या कोणी मनावर घेतल्या नव्हत्या. तीन दिवस बेशुद्ध राहून चौथ्या दिवशी शुद्धीवर येताच त्याने लेकीच्या मुलाला रात्रीच धर्मगुरूकडे पिटाळले. धर्मगुरू स्वतः आजारी असल्याने त्याने पवित्र भाकरीचा तुकडा त्या पोराच्याच हाती दिला, तो भिजवून आजोबांच्या मुखात घालावयास सांगितले, आणि तो घास गिळल्यावर थोड्याच वेळात वृद्धाचे प्राण गेले. मरणोन्मुखास प्रभुभोजन नाकारू नये, हा जुना नियम निकाया येथील धर्मसभेने सन 325 मध्ये सर्वत्र कायम केला.