पासवर्ड, चावी आणि सही: स्पॅनिश बँकेतल्या तीन शब्दांची गोष्ट

आजच्या भागात लढाई नाही, राजा नाही, किल्लाही नाही. आज फक्त तीन शब्द आहेत. पण ते नीट कळले नाहीत तर खातं रिकामं होऊ शकतं, म्हणून त्यांच्यावर अख्खा भाग.

झालं असं की, मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि थोडी स्पॅनिश शिकलोय. त्यामुळे स्पेनमधल्या एका बँकेच्या ॲपमधली वाक्यं इंग्रजीत आणायचं काम माझ्याकडे आलं. फाइल उघडली तर एका ठिकाणी ‘कोन्त्रासेन्या’, दुसरीकडे ‘क्लावे दे आक्सेसो’, तिसरीकडे ‘क्लावे दे फिर्मा’. मी म्हटलं, सगळं एकच! तिन्ही ठिकाणी ‘पासवर्ड’ लिहून मोकळा झालो. दोन दिवसांनी टेस्टिंगवाल्या ताईचा फोन आला. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर तिने लॉगिनचा पासवर्ड तीनदा टाकला होता आणि खातं लॉक झालं होतं. ती म्हणाली, “अरे, बरोबर पासवर्ड टाकतेय, तरी चूक कसा?” चूक तिची नव्हती, माझी होती.

मग मी या शब्दांच्या मागे लागलो.

पहिला शब्द कोन्त्रासेन्या. ‘सेन्या’ म्हणजे खूण आणि ‘कोन्त्रा’ म्हणजे उलट. खुणेला दिलेली उलट खूण. हा शब्द छावणीतला. जुन्या स्पॅनिश सैन्यात रात्रीच्या पहाऱ्यासाठी ‘सान्तो ई सेन्या’ ठरायचं, म्हणजे एका संताचं नाव आणि त्याच्या जोडीची खूण. अंधारात कुणी आलं की पहारेकरी अडवणार. बरोबर शब्द सांगितला तर आत, नाहीतर खैर नाही. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्याचा प्रश्न एकच असतो: तू कोण?

संगणकाने हाच प्रश्न उचलला. अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकच यंत्र अनेकजण वापरणार, मग प्रत्येकाच्या फायली वेगळ्या कशा ठेवायच्या? त्यासाठी पासवर्ड आला. गंमत बघा, कोर्बातो यांचे वडील मूळचे स्पेनचे, स्पॅनिश साहित्याचे प्राध्यापक! पण १९६२ सालीच ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला यंत्रावर जास्त वेळ हवा होता, म्हणून त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली. शब्द फुटला की पहारेकरी कुणालाही आत सोडतो.

दुसरा शब्द क्लावे. लॅटिनमध्ये किल्लीला ‘क्लाविस’ म्हणत. त्यापासून स्पॅनिशमध्ये दोन शब्द झाले. दाराची किल्ली ती ‘यावे’ आणि गुप्त संकेत तो ‘क्लावे’. त्याच लॅटिन शब्दाचं पोर्तुगीज रूप जहाजातून आपल्या किनाऱ्यावर उतरलं आणि मराठीत ‘चावी’ झालं. म्हणजे माझ्या खिशातली बाईकची चावी आणि स्क्रीनवरचा क्लावे ही चुलत भावंडं निघाली! अडचण इतकीच की, हा शब्द पासवर्डसाठी चालतो, पिनसाठी चालतो आणि एन्क्रिप्शनच्या ‘की’साठीही चालतो. तेव्हा नुसत्या ‘क्लावे’चं भाषांतर करताच येत नाही. ती चावी कुठल्या कुलपाची, हे आधी विचारावं लागतं.

आणि तिसरा शब्द फिर्मा. म्हणजे सही. मूळ लॅटिन अर्थ पक्कं करणं. व्यापारी ज्या नावाने सही करायचा, त्या नावावरूनच इंग्रजीत कंपनीला ‘फर्म’ म्हणायला लागले. आता मोबाइलवर शाई कुठून आणणार? म्हणून बँकेने सहीच्या जागी एक वेगळा कोड ठेवला, तो ‘क्लावे दे फिर्मा’. याचं शब्दशः ‘सिग्नेचर की’ केलं तर आमच्यासारखे इंजिनिअर भलतंच समजतील, कारण क्रिप्टोग्राफीत तशीच नावं वेगळ्या गोष्टीची असतात. मी केलं तसं ‘पासवर्ड’ लिहिलं तर ग्राहक गोंधळेल. खरा अर्थ आहे व्यवहारावर शिक्कामोर्तब. हा कोड ‘तू कोण’ विचारत नाही. तो विचारतो, ‘हे तुला मान्य आहे का?’

पूर्वी या सहीसाठी बऱ्याच स्पॅनिश बँका ‘तारखेता दे कोओर्देनादास’ द्यायच्या. छोटं कार्ड, त्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीत आकडे. बँक विचारणार, तिसऱ्या ओळीतला चौथा आकडा सांगा. आपल्याकडेही काही बँकांच्या डेबिट कार्डामागे अशी जाळी असायची. पण कार्डाचा एक फोटो काढला की खेळ खलास. पुढे युरोपात पीएसडी-२ हा कायदा आला आणि १४ सप्टेंबर २०१९ पासून कडक तपासणी लागू झाली. तुम्हाला माहीत असलेलं, तुमच्याजवळ असलेलं आणि तुमच्या शरीराचं, या तीन प्रकारांपैकी किमान दोन पुरावे हवेत. शिवाय ऑनलाइन पैसे पाठवताना रक्कम किती आणि जाणार कुणाला, हे ग्राहकाला दिसायलाच हवं. म्हणजे कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही!

शेवटी मी फाइल परत उघडली. एका ठिकाणी ‘लॉगिन पासवर्ड’ लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी ‘पेमेंट ऑथोरायझेशन कोड’. ताईला परत फोन केला. यावेळी तिला काही विचारावं लागलं नाही.

आता तुमचा फोन बघा. यूपीआय ॲप उघडताना लागतं ते लॉक म्हणजे पहारेकरी. पैसे पाठवताना लागतो तो यूपीआय पिन म्हणजे तुमची सही. कुणी म्हणालं, “पैसे तुमच्या खात्यात येणार आहेत, फक्त पिन टाका,” तर थांबा. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. तो माणूस तुम्ही कोण हे विचारत नाहीये, तो तुमची सही मागतोय.

आजच्यापुरतं एवढंच. घरात आई-बाबांना हा फरक नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!